खेळाच्या पत्राचें पहिलें वर्ष

नियतकालिक सुरू करणें फारसें अवघड नसतें. तें चालूं ठेवणें अवघड असतें. पहिल्या अंकाला उत्साह पुरतो, मित्रमंडळींचे लेख पुरतात आणि पदरचे चार पैसेहि पुरतात. दुसऱ्या अंकाच्या वेळीं उत्साह ओसरलेला असतो, मित्र रस्त्यांत भेटेनासे होतात, आणि छापखान्याचें बिल तेवढें वेळेवर येतें. म्हणून नियतकालिकाचें पहिलें वर्ष हें तान्ह्या मुलाच्या पहिल्या वर्षासारखें असतें. दांत येणें, ताप येणें, पहिला शब्द उच्चारणें आणि पहिल्यांदा पडणें, हे सारे प्रसंग त्याच बारा महिन्यांत येतात. ज्या विषयावर पूर्वीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे, त्या विषयाच्या पत्राचीहि हीच कथा. मग ज्या विषयावर कोणीं कांहींच लिहिलेलें नाहीं, ज्याला स्वतःचे शब्दहि नाहींत, आणि ज्यावर लिहावें असें शहाण्यासुरत्या माणसांना वाटतहि नाहीं, त्या विषयाच्या पत्राचें पहिलें वर्ष कसें जात असेल?

अमेरिकेंत १९८१ च्या हिंवाळ्यांत असें एक वर्ष सुरू झालें. न्यूयॉर्क शहरांत आर्नी काट्झ, बिल कंकेल आणि जॉइस वर्ली या तिघांनीं 'एलेक्ट्रॉनिक गेम्स' नांवाचें नियतकालिक काढलें. केवळ व्हिडिओ खेळांना वाहिलेलें त्या देशांतील हें पहिलें मासिक समजलें जातें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत इंग्लंडमध्यें 'कॉम्प्युटर अँड व्हिडिओ गेम्स' निघालें आणि अमेरिकेंतच रसेल साइप यांचें 'कॉम्प्युटर गेमिंग वर्ल्ड' हें द्वैमासिक निघालें. तीन ठिकाणीं तीन निरनिराळ्या माणसांना एकाच सुमारास एकच गोष्ट सुचावी, याचा अर्थ काळच तिची मागणी करीत होता.

व्हिडिओ गेम म्हणजे काय, हें आज घरोघर मुलांना ठाऊक असतें. वडील माणसांना बहुधा त्याचा आवाज तेवढा ठाऊक असतो. तेव्हां थोडा पूर्वेतिहास पाहिला पाहिजे. टेलिव्हिजनच्या पडद्यावर जें दिसतें तें दुसऱ्या कोणीं ठरविलेलें असतें. पाहणाऱ्यानें केवळ पाहावयाचें. व्हिडिओ खेळांत पडद्यावरील ठिपका पाहणाऱ्याच्या हाताच्या हालचालीनें हलतो. फरक वरवर लहान दिसतो, परंतु पाहणारा आणि करणारा यांच्यांतील भिंत त्यानें पाडली. १९७२ मध्यें राल्फ बेअर यांच्या कल्पनेवरून तयार झालेलें 'मॅग्नाव्हॉक्स ओडिसी' हें घरगुती यंत्र बाजारांत आलें. त्याच वर्षीं अटारी या नव्या कंपनीचा 'पाँग' हा नाणें टाकून खेळावयाचा चेंडूफळीसारखा खेळ कॅलिफोर्नियांतील एका मद्यगृहांत मांडला गेला. १९७७ मध्यें अटारीनें घरीं बसून खेळावयाचें असें यंत्र काढलें कीं, त्यांत निरनिराळीं कार्ट्रिजें घालून निरनिराळे खेळ खेळतां यावे. १९७८ मध्यें जपानांतून 'स्पेस इन्व्हेडर्स' आणि १९८० मध्यें 'पॅक-मॅन' आला. यानंतर हें वेड इतकें पसरलें कीं, १९८२ च्या जानेवारींत 'टाइम'सारख्या गंभीर साप्ताहिकानें आपलें मुखपृष्ठ या खेळांना दिलें.

वेड पसरलें, पण त्याविषयीं लिहिणार कोण? व्यापारी पत्रें अमुक कंपनीचा माल अमुक इतका खपला हें सांगत. वर्तमानपत्रें मुलांचे डोळे बिघडतात काय, त्यांचा अभ्यास बुडतो काय, असे प्रश्न विचारीत. हे दोन्ही प्रश्न आपापल्या जागीं योग्यच होते. परंतु खेळ चांगला आहे कीं वाईट, आणि चांगला असल्यास कशामुळें चांगला, हा साधा प्रश्न कोणीं विचारीत नव्हतें. नाटकाला परीक्षक असतो, गाण्याला जाणकार असतो, पदार्थाला खवय्या असतो. या खेळांना फक्त गिऱ्हाईक होतें.

काट्झ, कंकेल आणि वर्ली हीं माणसें कोठून आलीं, हें येथें सांगितलें पाहिजे, कारण त्यांत त्यांच्या यशाचें बीज आहे. तीं कोणत्याहि मोठ्या वृत्तपत्राचीं नव्हतीं. विज्ञानकथांच्या रसिकांमध्यें हौसेनें लिहिलेलीं आणि स्वतःच प्रती काढून टपालानें वांटलेलीं हस्तलिखितवजा पत्रें काढण्याची एक जुनी परंपरा अमेरिकेंत होती. त्या पत्रांतून वाद घालतां घालतां हीं तिघें लिहिण्यास शिकलीं. अशा पत्राला पगार नसतो, पण उत्तर असतें. एका अंकांत केलेलें विधान पुढच्या अंकांत कोणी तरी खोडून काढतोच. त्या शाळेंत तयार झालेल्या लेखकाला वाचक समोर बसलेला दिसतो. पुढें १९७० च्या दशकाच्या अखेरीस 'व्हिडिओ' नांवाच्या मासिकांत काट्झ आणि कंकेल यांनीं 'आर्केड अ‍ॅली' हें खेळपरीक्षणाचें सदर चालविलें. त्या सदराला मिळालेल्या प्रतिसादावरून स्वतंत्र मासिकाची कल्पना निघाली, आणि 'व्हिडिओ'च्याच प्रकाशकांनीं ती उचलली.

पहिला अंक निघाला तेव्हां दुसरा निघेल अशी खात्री कोणाला नव्हती. पण दुसरा अंक १९८२ च्या मार्चांत निघाला, तिसरा मे महिन्यांत, आणि त्या वर्षाच्या मध्यापासून मासिक नियमानें दरमहा निघूं लागलें. त्यांत नव्या खेळांच्या बातम्या होत्या, परीक्षणें होतीं, खेळांत पुढें कसें जावें याच्या युक्त्या होत्या, वाचकांच्या मतांवरून ठरविलेली आवडत्या खेळांची यादी होती, आणि 'गेम डॉक्टर' या नांवानें दिलेलीं प्रश्नांचीं उत्तरेंहि होतीं. पुढील चाळीस वर्षें अशा प्रकारच्या प्रत्येक नियतकालिकांत जीं सदरें आढळतात, त्यांपैकीं बहुतेक या पहिल्या बारा-तेरा महिन्यांतच ठरून गेलीं.

हें सारें आज सोपें वाटतें. त्या वेळीं मात्र संपादकांना पहिली अडचण शब्दांची आली. बुद्धिबळाच्या डावाविषयीं लिहावयाचें तर घरांचीं नांवें आहेत, सोंगट्यांचीं नांवें आहेत, डावांना परंपरागत संज्ञा आहेत. क्रिकेटवर लिहिणाऱ्याला चेंडूच्या प्रत्येक वळणाला शब्द तयार मिळतो. व्हिडिओ खेळावर लिहिणाऱ्याला असें कांहींच नव्हतें. पडद्यावर एक चौकोनी ठिपका आहे. खोक्यावरील चित्रांत तो तलवार घेतलेला वीर आहे. परीक्षकानें लिहावयाचें कशाविषयीं, ठिपक्याविषयीं कीं वीराविषयीं? या लेखकांनीं हळूहळू एक विवेक केला. खेळाची कथा वेगळी, खेळाचें चित्र वेगळें, आणि खेळाची चाल, म्हणजे हाताला काय करावें लागतें, कोणत्या क्षणीं निर्णय घ्यावा लागतो, चुकल्यास काय होतें, ही वेगळी. या तिसऱ्या गोष्टीवरच खेळ तरतो किंवा बुडतो. सारीपाटाचा पट रेशमी असला म्हणून डाव रंगत नाहीं. दान आणि चाल यांचें जमलें तर तो फाटक्या पटावरहि रंगतो. ही गोष्ट एकदां शब्दांत आल्यावर वाचकालाहि आपल्या आवडीचें कारण सांगतां येऊं लागलें. "मला आवडलें" येथून "मला अमुक कारणानें आवडलें" येथपर्यंत नेणें, हेंच कोणत्याहि परीक्षणाचें काम असतें.

दुसरी अडचण याहून नाजूक होती. ती नांवांची. पुस्तकावर लेखकाचें नांव असतें, चित्राच्या कोपऱ्यांत चित्रकाराची सही असते. अटारीच्या कार्ट्रिजांवर मात्र कंपनीचें नांव असे. खेळ रचणाऱ्याचें नसे. वस्तुतः त्या काळचा एक खेळ बहुधा एकच माणूस रचीत असे. यंत्राची चालू कामाची स्मृति अवघ्या १२८ बाइटांची, आणि पुष्कळ कार्ट्रिजांची मर्यादा ४,०९६ बाइट, म्हणजे मासिकाच्या एकदोन पानांत मावतील इतक्याच अक्षरांची. तेवढ्या जागेंत किल्ले, अजगर आणि चक्रव्यूह बसविणें हें तांदुळावर चित्र काढण्यासारखें कौशल्याचें काम होतें. तें करणारा माणूस निनावी राही, आणि खेळ लाखांनीं खपला तरी त्याच्या पगारांत त्यामुळें फरक पडत नसे. १९७९ मध्यें डेव्हिड क्रेन, ॲलन मिलर, लॅरी कॅप्लन आणि बॉब व्हाइटहेड हे चौघे याच कारणावरून अटारी सोडून निघाले आणि जिम लेव्ही यांच्यासह त्यांनीं 'ॲक्टिव्हिजन' ही कंपनी काढली. तेथें खेळाबरोबर रचनाकाराचें नांव छापलें जाऊं लागलें.

वॉरन रॉबिनेट या रचनाकारानें दुसरा मार्ग काढला. 'ॲडव्हेंचर' हा त्यांचा खेळ १९८० मध्यें विक्रीस आला. त्यांत त्यांनीं कोणालाहि न सांगतां एक गुप्त दालन ठेवलें होतें. पार्श्वभूमीच्याच रंगाचा, जवळजवळ न दिसणारा एक ठिपका शोधून तो योग्य जागीं नेला कीं, त्या दालनांत रचनाकाराचें नांव झळके. खेळ बाजारांत आला तेव्हां रॉबिनेट कंपनी सोडून गेलेले होते. एका पंधरा वर्षांच्या मुलानें तें दालन शोधून कंपनीला पत्र लिहिलें, तेव्हां कंपनीच्या लोकांना ही गोष्ट प्रथम कळली. नवीं कार्ट्रिजें पाडून तें नांव पुसण्याचा खर्च फार होता. म्हणून तें राहूं दिलें गेलें. अटारीचे स्टीव्ह राइट यांनीं अशा लपविलेल्या गंमतीला 'ईस्टर एग' म्हटलें. ईस्टरच्या सणांत रंगविलेलीं अंडीं बागेंत लपवून तीं मुलांना शोधावयास लावतात, त्यावरून हा शब्द आला. 'एलेक्ट्रॉनिक गेम्स'च्या आरंभींच्या अंकांतून ही हकीकत वाचकांपर्यंत गेली, आणि आज जगभर तो शब्द त्याच अर्थानें वापरला जातो.

या प्रसंगाकडे केवळ गंमत म्हणून पाहतां येणार नाहीं. एका माणसानें आपलें काम आपलें आहे एवढेंच सांगण्यासाठीं त्या कामांत चोरवाट ठेवली. खेळाच्या नियतकालिकानें पहिल्या वर्षीं जर कोणतें एकच मोठें काम केलें असेल तर तें हें कीं, त्यानें या माणसांना उघडपणें नांवानें हांक मारली. रचनाकारांच्या मुलाखती छापल्या जाऊं लागल्या, अमुक खेळ क्रेन यांचा, तमुक खेळ दुसऱ्या कोणाचा, असें वाचक बोलूं लागले. एकाच रचनाकाराचे दोन खेळ शेजारीं ठेवले कीं त्यांतील हात ओळखूं येतो, हें त्यांना समजलें. जेथें कर्त्याचें नांव घेतलें जातें तेथें वस्तूची कला होऊं लागते.

तिसरी अडचण काळाची. मासिकाचा मजकूर छापून दुकानांत येण्याच्या दोनतीन महिने अगोदर तयार करावा लागे. खेळ मात्र दर आठवड्याला निघत. नाताळांत विकावयाच्या खेळाचें परीक्षण नाताळ उलटून गेल्यावर वाचकाच्या हातीं पडे, आणि तोंवर मुलाच्या हट्टापायीं बापानें पैसे मोजलेले असत. १९८२ मधील 'ई. टी.' या खेळाचें उदाहरण प्रसिद्ध आहे. लोकप्रिय चित्रपटावरून निघालेला हा खेळ नाताळापूर्वीं दुकानांत यावा म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ यांना तो सुमारें पांच आठवड्यांत रचावा लागला. खेळ वेळेवर आला, प्रथम चांगला खपला, आणि मग निराश झालेल्या गिऱ्हाइकांनीं त्याकडे पाठ फिरविली. न खपलेला माल १९८३ च्या सप्टेंबरांत न्यू मेक्सिकोंतील आलामोगोर्डो गांवाच्या उकिरड्यांत इतर खेळांबरोबर पुरला गेला. कित्येक वर्षें ही दंतकथाच समजत. २०१४ च्या एप्रिलांत उकरून पाहिलें तेव्हां कार्ट्रिजें खरोखरच सांपडलीं. त्याच १९८२ सालीं घरगुती यंत्रावर आलेल्या 'पॅक-मॅन'चीहि अशीच कथा. यंत्राची शक्ति तोकडी असल्यामुळें चार भुतें एकदम न दाखवितां आळीपाळीनें दाखवावीं लागलीं, आणि पडद्यावर तीं सारखीं लुकलुकत. खोक्यावरील नांव पाहून लक्षावधि लोकांनीं तें घेतलें. अशा वेळीं वाचकाला आधीं सावध करणें मासिकाला वेळेच्या दृष्टीनें साधत नसे. बातमी देण्यांत तें मागें पडे. म्हणून त्याला विचार देण्यांत पुढें राहावें लागे. जो अंक दोन महिन्यांनीं वाचला तरी शिळा वाटत नाहीं, तो वीस वर्षांनींहि वाटत नाहीं, हा त्यांतील अनपेक्षित लाभ.

चौथी अडचण पैशाची, आणि ती प्रत्येक संपादकाच्या ओळखीची आहे. खेळांच्या मासिकांत जाहिरात कोण देणार? खेळ विकणारी कंपनी. आणि परीक्षण कोणाच्या मालाचें करावयाचें? त्याच कंपनीच्या. डाव्या पानावर जाहिरात आणि उजव्या पानावर त्याच मालाचे दोष, हें संसारांत जसें अवघड तसेंच छापखान्यांतहि अवघड. संपादक प्रामाणिक असला तरी त्याचें मन कळत-नकळत शब्द मवाळ करतें. यावर पूर्ण उपाय कोणत्याहि काळीं कोणाला सांपडलेला नाहीं. एकच उपयोगी पडणारी गोष्ट आहे: वाचकवर्ग इतका वाढवावा कीं एक जाहिरातदार रुसला तरी मासिकाचा श्वास थांबूं नये. पहिल्या वर्षीं मात्र ही ताकद कोणाजवळच नसते.

याच ठिकाणीं दुसऱ्या प्रकारच्या पत्राचा जन्म झाला. तें म्हणजे खुद्द कंपनीनेंच आपल्या गिऱ्हाइकांसाठीं काढलेलें वार्तापत्र. अटारीनें १९८२ मध्यें आपल्या मंडळाच्या सभासदांकरितां 'अटारी एज' काढलें. ॲक्टिव्हिजनचेंहि पत्रक निघे. पुढें १९८७ मध्यें निंटेंडो या जपानी कंपनीच्या अमेरिकन शाखेनें 'निंटेंडो फन क्लब न्यूज' हें वार्तापत्र सभासदांना मोफत पाठविण्यास सुरुवात केली. त्याचे सातच अंक निघाले. पण सभासद एवढ्या झपाट्यानें वाढले कीं, १९८८ च्या उन्हाळ्यांत गेल टिल्डन यांच्या संपादनाखालीं त्याच्या जागीं 'निंटेंडो पॉवर' हें वर्गणीचें मासिक आलें, आणि तें २०१२ च्या डिसेंबरपर्यंत चाललें. घरच्या पत्राचे गुण उघड आहेत. नकाशे अचूक असतात, युक्त्या खुद्द रचनाकारांकडून आलेल्या असतात, आणि चित्रें सुबक असतात. पण आपल्या घरच्या मुलीला सासरच्या माणसांपुढें कोणी काळी म्हणत नाहीं, त्याप्रमाणें आपल्या खेळाला असें पत्र वाईट म्हणणार नाहीं. वाचकानें दोन्ही प्रकारचीं पत्रें जरूर वाचावीं. एकाकडून वाट विचारावी आणि दुसऱ्याकडून मत. मात्र कोणतें कोणतें आहे, हें अंकाच्या पहिल्या पानावर पाहून ठेवावें.

पांचवी अडचण पुराव्याची, आणि ती फार मनोरंजक आहे. वाचक पत्रें लिहीत: "अमुक खेळांत मला इतके गुण मिळाले." खरें कीं खोटें हें कसें ठरवावें? ॲक्टिव्हिजननें एक तोड काढली. खेळणाऱ्यानें टेलिव्हिजनच्या पडद्याचें छायाचित्र काढून पाठवावें. 'पिटफॉल' या खेळांत २०,००० गुण मिळवून तसें छायाचित्र पाठविणाऱ्याला कपड्यावर शिवण्याचें एक बिल्लेवजा कापड घरपोंच येई. मुलांना त्याचें अप्रूप शाळेंतील बक्षिसाहून अधिक असे. परंतु छायाचित्रानेंहि सर्व प्रश्न सुटत नाहींत. 'ड्रॅगस्टर' या मोटारशर्यतीच्या खेळांत १९८२ मध्यें ५.५१ सेकंदांचा विक्रम मान्य केला गेला आणि तो पस्तीस वर्षें तसाच नांदला. पुढें खेळाची अंतर्गत रचना तपासून पाहणाऱ्यांना असें आढळलें कीं, त्यांत ५.५७ सेकंदांहून कमी वेळ लागूंच शकत नाहीं. तेव्हां विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या 'ट्विन गॅलॅक्सीज' या संस्थेनें २०१८ च्या जानेवारींत तो रद्द केला. यंत्राचा नियम माणसाच्या शब्दाहून अधिक टिकाऊ ठरला. छापलेली ओळ कायमची असते. म्हणून ती छापण्यापूर्वीं दोनदां पाहावी, हा धडा प्रत्येक नव्या पत्राला पहिल्या वर्षीं घ्यावाच लागतो.

एवढ्या अडचणी असतांना हीं पत्रें जगलीं कशीं? याचें उत्तर वाचकांच्या पत्रव्यवहारांत आहे. अमेरिकेच्या लहानशा गांवांत एखाद्या घरीं हें यंत्र असे, आणि त्या घरच्या मुलाला आपल्यासारखें वेड आणखी कोणाला आहे हें ठाऊकच नसे. महिन्याच्या अखेरीस टपालानें अंक आला कीं, आपण एकटे नाहीं असें त्याला कळे. आपला प्रश्न दुसऱ्या राज्यांतील मुलाच्या नांवानें छापलेला पाहिला कीं, त्याला नकळत मित्र मिळे. परीक्षणाशीं मतभेद झाला तर तो कागद-लेखणी घेऊन बसे, आणि त्या निमित्तानें आपलें म्हणणें मुद्देसूद मांडण्यास शिके. ज्या खेळानें मुलांचें लिहिणें-वाचणें सुटतें अशी तक्रार होती, त्या खेळानेंच कित्येक मुलांच्या हातांत लेखणी दिली. ही गोष्ट शिक्षकांनीं आणि पालकांनीं विसरूं नये. मुलाला ज्याची गोडी आहे त्याविषयीं त्याच्याकडून चार ओळी लिहवून घेतल्या, तर निबंधाच्या वहींत न येणारी सरळ भाषा तेथें आपोआप येते.

पुढें काय झालें, हेंहि सांगितलें पाहिजे. १९८३ मध्यें अमेरिकेंतील घरगुती व्हिडिओ खेळांचा बाजार कोसळला. यंत्रें फार झालीं, खेळ त्याहून फार झाले, आणि त्यांतील निकृष्ट मालानें चांगल्यालाहि बुडविलें. सुमारें ३ अब्ज २० कोटी डॉलरांचा धंदा १९८५ पर्यंत १० कोटींच्या आसपास आला, असा हिशेब सामान्यतः दिला जातो. धंदा गेला तशा जाहिराती गेल्या. 'एलेक्ट्रॉनिक गेम्स' १९८५ मध्यें नांव बदलून 'कॉम्प्युटर एंटरटेनमेंट' झालें आणि त्याच वर्षीं बंद पडलें. १९९२ मध्यें त्याच तिघांच्या सहभागानें तें पुन्हा निघालें आणि १९९५ पर्यंत चाललें. संगणकावरील खेळांना वाहिलेलें 'कॉम्प्युटर गेमिंग वर्ल्ड' मात्र या पडझडींतून वांचलें आणि २००६ पर्यंत त्याच नांवानें निघत राहिलें. इंग्लंडांतील 'कॉम्प्युटर अँड व्हिडिओ गेम्स'ची छापील आवृत्ति २००४ पर्यंत चालली. १९८१ च्या त्या हिंवाळ्यांत जन्मलेल्या तिघांपैकीं आज एकहि छापील स्वरूपांत निघत नाहीं.

मग त्या खटाटोपाचें फळ काय? सालोसाल चाललें तरच नियतकालिक सार्थकीं लागलें असें मानणें बरोबर नाहीं. आज या खेळांच्या इतिहासाला एक मोठा धोका आहे. जुनीं यंत्रें बिघडलीं, कार्ट्रिजें हरवलीं, कंपन्या बुडाल्या किंवा विकल्या गेल्या, आणि रचनाकारांनीं जपलेले कागद रद्दींत गेले. अमेरिकेंतील 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन' या संस्थेनें २०२३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पाहणींत असें दिसून आलें कीं, २०१० पूर्वीं अमेरिकेंत निघालेल्या खेळांपैकीं ८७ टक्के खेळ आज सरळ मार्गानें विकत मिळत नाहींत. जें पुस्तक दुकानांत नाहीं तें निदान ग्रंथालयांत सांपडतें. जो खेळ दुकानांत नाहीं तो बहुधा कोठेंच सांपडत नाहीं. अशा वेळीं तो खेळ कसा होता, लोकांना त्यांत काय आवडलें, आणि तो कोणीं रचला, हें सांगणारा साक्षीदार म्हणजे जुन्या मासिकाचा अंक. याच संस्थेनें २०२५ च्या जानेवारींत आपलें संगणकीय ग्रंथालय सर्वांस खुलें केलें. त्यांत बंद पडलेल्या खेळ-मासिकांचे दीड हजारांहून अधिक अंक शब्द शोधून वाचण्याची सोय आहे. ज्या अंकांना दुकानदार महिन्याअखेर रद्दी समजत असे, तेच आज संशोधकाचें साधन झाले आहेत.

यावरून पहिल्या वर्षाचें मोल कसें करावें, हें समजतें. पहिल्या वर्षींचें लेखन बहुधा कच्चें असतें. शब्द शोधले जात असतात, मापें ठरत असतात, कधीं अतिस्तुति होते तर कधीं नाहक कठोरपणा होतो. दहाव्या वर्षींचा अंक हातीं घेतला कीं तो सफाईदार दिसतो. परंतु इतिहास शोधणारा माणूस प्रथम पहिल्याच वर्षाचे अंक मागतो, कारण त्यांत गोष्टी पहिल्यांदा पाहिल्याचें आश्चर्य असतें आणि अजून कोणतेंहि उत्तर ठरून गेलेलें नसतें. सवयीचे शब्द बनण्यापूर्वीं माणसांनीं त्या वस्तूकडे कसें पाहिलें, हें तेथेंच वाचावयास मिळतें.

कोणत्याहि घरांत, कोणत्याहि शाळेंत अशा एखाद्या नव्या, हलक्या समजल्या जाणाऱ्या विषयावर एखादा मुलगा किंवा मुलगी चार पानांचें पत्र काढूं लागली, तर वडील मंडळींनीं विषय क्षुल्लक आहे म्हणून हंसूं नये. त्यांनीं तीनच गोष्टी पाहाव्या. लिहिणाऱ्यानें वस्तु स्वतः पारखली आहे काय? कर्त्याचें नांव दिलें आहे काय? आणि छापलेली गोष्ट पडताळून पाहिली आहे काय? या तिन्ही प्रश्नांचें उत्तर होकारार्थी असेल, तर तें पत्र बारा अंकांनंतर बंद पडलें तरी त्याचें वर्ष फुकट गेलें असें कोणीं म्हणूं नये. आणि त्याचा एक संच घरांतील कपाटांत जपून ठेवावा.